डेडस्टॉकमधला माऊस

हिशेबी : सर, माऊस खोलून साफ करावा, दुरुस्त करावा, हे तुमचं म्हणणं मला पहिल्यापासून पटलेलं नाही. मी पाथर्डी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. निकाल लागले की दाखल्यांची गर्दी, मग पीक विम्याची, बाकी वर्षभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डातली नावं. समोर बाकावर माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना परतीची एसटी गाठायची असते. अशात माऊसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं, तर मी खणातला नवा काढते, जोडते आणि काम पुढे नेते. तारेचा साधा माऊस दोन-तीनशे रुपयांना मिळतो. तेवढे वाचवायला मी चार माणसांची गाडी चुकवणार नाही. पैसे भरायच्या पानावर बटण दोनदा लागलं तर रक्कम अडकते, अर्ज अर्धवट राहतो आणि तो माणूस पुढचे कित्येक दिवस माझ्या दारात येत राहतो. अशा माऊसवर पुन्हा भरवसा ठेवायचा कशाला? शिवाय तालुक्याच्या दुकानातही माऊस दुरुस्तीला कुणी घेत नाही. प्रिंटर घेतात, लॅपटॉप घेतात. माऊस दाखवला की नवे माऊस काढून दाखवतात. हातात कसब असलेल्या माणसाला जी दुरुस्ती परवडत नाही, ती वापरणाऱ्यानं करावी असं सांगणं म्हणजे वापरणाऱ्याच्या वेळेला काही मोलच नाही असं धरून चालणं.

हौशी : ताई, गर्दीच्या वेळी नवा माऊस जोडावा, यावर माझं काहीच म्हणणं नाही. तुमच्या जागी मीही तेच करीन. मी बोलतोय तो काढून ठेवलेल्या माऊसबद्दल. तो गेला असं आपण म्हणतो, पण त्यातलं काय गेलं ते बघत नाही. माऊसच्या तक्रारी मुख्यतः चार. बाण अडखळतो, चाक फिरवलं की पान भलतीकडेच उड्या मारतं, बटण दोनदा लागतं, किंवा माऊस मध्येच बंद पडून परत चालू होतो. चारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

बाण अडखळतो त्याला बहुतेक वेळा खोलावंच लागत नाही. माऊस उलटा केला की पोटाला भोक दिसतं, त्यात लाल दिवा आणि भिंग. भिंगामागे अगदी लहानसा कॅमेराच असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं टिपतो आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून माऊस कुठल्या दिशेनं किती सरकला ते काढतो. त्या भोकात एक केस आडवा आला की सगळ्या चित्रांत तोच केस येत राहतो आणि हिशेब चुकतो. फुंकर मारायची, कोरड्या इअरबडनं टिपून घ्यायचं. काचेच्या टेबलावर बाण हलत नसेल तर खाली कागद ठेवायचा, कारण नितळ काचेवर त्या कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही. एवढ्यानं सुटणारे माऊससुद्धा आपण भंगारात टाकतो.

चाकाचं थोडं पुढचं आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना फट असते आणि तिथून धूळ आत जाते. साध्या माऊसमध्ये चाकाचा आस एका छोट्या एन्कोडरमध्ये बसवलेला असतो. त्याच्या आत धातूच्या पट्ट्या घासत असतात. वंगणात धूळ कालवली गेली की त्यांचा संपर्क तुटक होतो आणि खाली नेलं तरी पान वर जातं. इथे खोलावं लागतं, पण सोल्डरिंग लागत नाही. तळाचे गुळगुळीत पाय अलगद उचकटले की खाली स्क्रू सापडतो, कधी तो स्टिकरखाली असतो. स्क्रू काढून मागची बाजू आधी उचलायची, पुढे खाच असते. दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, चाक भरपूर फिरवायचं, वाळू द्यायचं, बंद करायचं. गर्दी ओसरल्यावर, जेवणानंतरच्या निवांत वेळात होणारं काम आहे हे.

हिशेबी : भोक पुसायचं, ते मी उद्यापासून करीन. पण सर, तुम्ही पुसण्यावरून खोलण्यावर आलात आणि दोन्ही एकच काम असल्यासारखं बोललात. पुसणं हा वापराचा भाग आहे. खोलणं हा धंदा आहे. धंद्याला हत्यारं लागतात, सराव लागतो, आणि शिकताना बिघडणाऱ्या वस्तूंचा खर्च कुणीतरी सोसावा लागतो. पहिल्यांदा खोलणारा माणूस घाईत कवच ओढतो, प्लॅस्टिकची खाच मोडतो. भिंग जागेवरून निसटलेलं त्याला कळत नाही. सगळं बंद करून जोडतो तर दिवा लागतो आणि बाण जागचा हलत नाही. मग त्याचा समज असा होतो की आपल्याला हे जमत नाही. ज्याला तुम्ही आत्मविश्वास द्यायला निघालात, त्याचा होता तोही जातो.

हौशी : भिंग निसटतं हे खरं आहे, आणि खोलण्याआधी ते कुठे बसलंय हे बघून ठेवलं की प्रश्न येत नाही. पण वापर आणि धंदा यांमध्ये तुम्ही घातलेली भिंत आपल्याकडे फार जुनी नाही. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे संगणकवर्ग आपल्या जिल्ह्यात तालुक्यांच्या गावांतून बाजारगावांपर्यंत पोचले, तेव्हा तिथले बहुतेक माऊस गोळीचे होते. रबर चढवलेली जड गोळी, तिला दोन बाजूंनी काटकोनात टेकलेले दोन रूळ, प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचांची चकती, आणि त्या खाचांतून जाणारा-तुटणारा प्रकाश मोजून बाण सरकायचा. गोळी टेबलावरचा मळ उचलून रुळांवर गुंडाळायची. रुळावर काळी पट्टी चढली की बाण ढेकळावरून चालल्यासारखा उड्या मारायचा. आणि उपाय कुणालाही ठाऊक होता. पोटावरची गोल कडी बाणाच्या दिशेनं फिरवायची, गोळी हातावर घ्यायची, नखानं रुळावरची पट्टी खरवडायची. शिक्षक करायचे, मुलं करायची, इंग्रजी न येणारी माणसंही करायची, कारण कडीवर बाणाची खूण कोरलेली असायची. धूळ येणार हे बनवणाऱ्यानं मान्य केलं होतं आणि ती काढायची वाट त्यानं वापरणाऱ्याच्या हाती दिली होती. आजच्या माऊसचा स्क्रू पायाखाली लपवलेला असतो. यंत्र सुधारलं हे खरं, पण त्या सुधारणेत आपला आतमध्ये जायचा रस्ता बंद झाला.

हिशेबी : मला यात उलटंच दिसतं. मीही एमएस-सीआयटी केली आहे. गोळीचा माऊस सगळ्यांना खोलता यायचा, कारण तो सगळ्यांना सारखा खोलावा लागायचा. तासाला अर्धा तास संगणक वाट्याला यायचा आणि त्यातला काही वेळ रूळ खरवडण्यात जायचा. कुठे मुलं गोळ्या काढून न्यायची म्हणून कडी चिकटवून टाकलेली असायची, आणि मग तो माऊस मळला की संपला. १९९९ नंतर प्रकाशावर चालणारे माऊस बाजारात रुळले आणि ही कटकट संपली, याचा मला आनंदच आहे. ज्याची देखभाल करावी लागत नाही अशी वस्तू येणं हीच तर सुधारणा. दळण जात्यावर दळायची गरज संपली तेव्हा जात्याला टाकी लावणारीचं काम गेलं, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण माझ्या आजीला जात्यापाशी परत बसवावं असं मी म्हणणार नाही. आत जायचा रस्ता बंद झाला म्हणता, पण आत जायचं कारणही संपलं होतं ना?

हौशी : कारण संपलं असं आपल्या नगर जिल्ह्याच्या हवेत तरी म्हणता येत नाही. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा हा. त्याच्या एका टोकाला अकोले तालुक्यातलं घाटघर आहे, जिथे पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते, आणि दुसऱ्या टोकाला तुमची पाथर्डी, शेवगाव, जामखेड, जिथे उन्हाळ्यात कपाटातल्या पुस्तकांवरही धुळीचा थर बसतो. ओलीनं बटणातल्या स्विचचे संपर्क काळवंडतात, धुळीनं चाक आणि फटी भरतात. नेप्तीच्या कांदा बाजारात वजनाच्या खोलीत ठेवलेला संगणक बघा. कांद्याची फोलपटं कीबोर्डात असतात आणि त्याचा चुरा माऊसच्या चाकात. या वस्तू वातानुकूलित खोलीतल्या टेबलासाठी आखलेल्या असतात आणि आपण त्या पत्र्याच्या शेडमध्ये वापरतो. देखभाल नको अशी वस्तू ही देखभाल नको अशा जागेसाठीच असते, ताई. आपल्याकडे ती आली की तिला देखभाल लागतेच. फरक एवढा की आता ती कशी करायची हे कुणी सांगत नाही.

आणि सांगायची इच्छा असेल तर सांगता येतं, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको. नगर शहरात आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. रणगाडा आखतानाच तो चिखलात, रात्री, थकलेल्या जवानांना उघडावा लागेल हे धरून चालतात.

हिशेबी : रणगाड्याची किंमत कोटींत असते, म्हणून तो उघडतात. किमतीचा मुद्दा तुम्ही टाळलात.

हौशी : टाळला नाही, आता त्याच्याकडेच येतो, पण त्यासाठी तुमच्या त्या दोनदा लागणाऱ्या बटणाच्या आत जावं लागेल. डाव्या बटणाखाली एक लहानशी काळी चौकोनी डबी असते. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची, कागदाइतकी पातळ पट्टी ताणून बसवलेली असते. बटण दाबलं की पट्टी फटकन खाली जाऊन संपर्काला टेकते, सोडलं की परत वर. टिक असा जो आवाज येतो तो या पट्टीचा. टेकताना ती एकदाच टेकत नाही. कुठलाही धातू धातूवर आपटला की बारीक थरथरतो, तशी ती क्षणभर उसळते. माऊसमधल्या चिपला हे माहीत असतं, म्हणून पहिल्या स्पर्शानंतरचे काही मिलिसेकंद ती पुढच्या स्पर्शांकडे दुर्लक्ष करते. पट्टी नवी असते तोवर सगळी थरथर त्या वेळेत संपते. वर्षानुवर्षं दाबून पट्टीचा ताण कमी झाला, संपर्कावर काळपट थर आला, की थरथर लांबते, ठरलेल्या वेळेबाहेर जाते, आणि चिप तिला दुसरी टिचकी समजते. तुमच्या अर्जदाराची रक्कम अडकली ती तिथे.

आता उजवं बटण घ्या. त्याखालीही बहुतेक वेळा तीच डबी असते. पण उजवं बटण आपण फार कमी दाबतो. डावी डबी थकते तेव्हा उजवी जवळजवळ नवी असते. तीन पाय, तीन टाके. पंचवीस वॅटचा सोल्डर आणि कथील ओढून घेणारा पंप असेल तर दोघींची अदलाबदल करता येते, खर्च शून्य. याहून सोपं म्हणजे केबल आतून तुटलेला दुसरा माऊस घ्यायचा आणि त्याची चांगली डबी या माऊसला लावायची. केबल जिथे माऊसमध्ये शिरते त्या मानेपाशी ती वाकून वाकून आतून तुटते, बाकी माऊस धडधाकट असतो. म्हणजे एकाचं बटण गेलेलं, दुसऱ्याची केबल गेलेली; दोन मेलेल्यांतून एक जिवंत होतो. तुम्ही एका माऊसची किंमत एका तासाशी तोलता तेव्हा तुमचा हिशेब बरोबर येतो. पण गेलेले माऊस एकेकटे नसतात. शाळेच्या कपाटात, पतसंस्थेच्या माळ्यावर, कारखान्याच्या गट ऑफिसात ते ढिगानं असतात. ढीग हा सुट्या भागांचा साठा आहे, आणि त्या साठ्यापुढे बसलेल्या माणसाचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा निघेल.

हिशेबी : हे मला नवं आहे, आणि पटण्यासारखंही. तरी दोन शंका आहेत, आणि दोन्ही लहान नाहीत.

पहिली धोक्याची. माऊसला पाच व्होल्ट मिळतात, तो खोलताना कुणाला काही होणार नाही. पण ज्या मुलानं माऊस खोलून चालू केला, तो उद्या चार्जर खोलेल, परवा संगणकाचा पॉवर सप्लाय. त्याच्या आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. फोनची फुगलेली बॅटरी टाचणीनं टोचली तर पेट घेते. कथलातही शिसं असतं. माऊसमधून मिळालेलं धाडस माऊसपाशी थांबत नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरी शंका जुनी आहे. दुरुस्तीचं कौतुक ऐकलं की मला बलुतेदारी आठवते. सुतार औत सांधायचा, लोहार फाळ शेवटायचा, चांभार मोट शिवायचा, आणि सुगीला त्याला धान्य मिळायचं. ही व्यवस्था कशी चालायची ते त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून नोंदवून ठेवलं आहे. गावात काही वाया जायचं नाही, सगळं सांधलं जायचं, असं आपण अभिमानानं सांगतो. पण सांधणारा कोण हे जन्मानं ठरायचं, आणि सांधलेलं औत दुसऱ्याच्या शेतात चालायचं. आजही भंगाराच्या ढिगाशी बसून तारा जाळून तांबं काढणारी माणसं कुठल्या वस्तीतली असतात ते तुम्ही जाणता. दुरुस्ती करावी असं म्हणणारा आणि ती प्रत्यक्षात करणारा हे सहसा एका घरातले नसतात. म्हणून विचारते, तुमच्या या साठ्यापुढे बसणार कोण?

हौशी : पहिल्या शंकेवर माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे. काय खोलायचं नाही, हा धडा माऊसच्या आधी द्यावा लागेल, आणि तो नुसता फळ्यावर देऊन चालणार नाही. खोललेला, रिकामा केलेला पॉवर सप्लाय समोर ठेवून कपॅसिटर कुठला ते दाखवावं लागेल. तरी धोका उरतो, मान्य. पण मुलं आज चार्जर खोलतच नाहीत असं तुम्ही धरता. खोलतात. कुणी न शिकवता, घरी, जोडलेल्या प्लगसकट खोलतात.

दुसऱ्या शंकेवर मी विचार करतोय. बलुत्यात दुरुस्ती एका जातीच्या पदरात बांधलेली होती, हे तुम्ही म्हणता ते बरोबर. माझी इच्छा नेमकी तिला तिथून सोडवायची आहे. गोळीच्या माऊसची कडी फिरवायला कुणी अमुक घरात जन्मावं लागत नव्हतं. पण बलुत्यातली एक गोष्ट मला टाकून देववत नाही. लोहाराला धान्य मिळायचं ते फाळ किती वेळा मोडला यावर नाही. औत वर्षभर चालतं ठेवण्याबद्दल मिळायचं. आज कार्यालयं संगणकाच्या देखभालीचा वार्षिक करार करतात तो त्याच जातीचा, पण माऊस आणि कीबोर्ड त्यात अनेकदा वगळलेले असतात, कारण त्या संपणाऱ्या वस्तू मानतात. म्हणजे हातात धरून आपण दिवसभर काम करतो तीच गोष्ट चालती ठेवणं कुणाचंच काम नाही.

लिहिणाऱ्यानं इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बलुत्याचा आक्षेप या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार आहे असं मला वाटतं, आणि सरांच्या उत्तरानं तो फिटत नाही. मोफत श्रमाची अपेक्षा आपल्याकडे नेहमी कमी पगाराच्या माणसाकडूनच केली जाते. शाळेत शिपायाकडून, कार्यालयात कंत्राटी ऑपरेटरकडून. माऊस खोलावा असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो कुणाच्या वेळेत खोलायचा हे त्याच वाक्यात सांगायला हवं.

हिशेबी : मग कायद्याकडे बघू या. ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं त्यात धरली. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यात संगणक हा माऊस-कीबोर्डासारख्या जोडसाधनांसह धरला आहे. वस्तू संपल्यावर तिची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. मला हा रस्ता बरा वाटतो. स्क्रू पायाखाली लपवू नकोस, सुट्या डब्या विकायला ठेव, संपलेला माऊस परत घे, असं कंपनीला सांगा. गावातल्या माणसाला सोल्डर हातात घ्यायला सांगू नका.

हौशी : दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. पण कायद्यानं कंपनीला स्क्रू उघडा ठेवायला लावला, तरी आमच्या शाळेतला माऊस उघडणार नाही, आणि त्याचं कारण कंपनी नाही. कारण आहे डेडस्टॉक रजिस्टर.

शाळेत संगणक आले ते कुठे लोकवर्गणीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून. आल्याबरोबर प्रत्येक नग जडवस्तूंच्या नोंदवहीत चढला. माऊस, नग दहा. त्या दहा नगांना मुख्याध्यापक जबाबदार. माऊस बंद पडला तर तो फेकता येत नाही, कारण नोंदवहीत तो आहे. कुणाला देता येत नाही. आणि खोलता तर मुळीच येत नाही, कारण खोलताना मोडला तर बंद पडलेला नग हा मोडलेला नग होतो आणि मोडला कुणी हा प्रश्न येतो. निर्लेखनाचा, म्हणजे नग नोंदवहीतून कायमचा काढण्याचा, प्रस्ताव पाठवायचा तर त्यासाठी पुरेशा वस्तू साठाव्या लागतात, वर मंजुरी लागते. तोवर माऊस कपाटात. दुरुस्त नाही, भंगारातही नाही. मुलांच्या समोर, काचेमागे, वर्षानुवर्षं. मी मघाशी ज्याला साठा म्हणालो तो हाच.

आता माझी अडचण बघा. दोन बंद माऊसांतून मी एक चालू केला. शाळेला एक चालता माऊस मिळाला, यात शंका नाही. पण नोंदवहीत दोन नग होते आणि आता एक माऊस आणि काही तुकडे आहेत. हिशेबानं मी शाळेचा एक नग कमी केला. काही न करता दोन्ही कपाटात कुजू दिले असते तर माझा हिशेब निर्दोष राहिला असता.

हिशेबी : हे तुम्ही आधी का नाही बोललात? इतका वेळ मी वेळ आणि किंमत यांवर बोलत होते, आणि तुमची अडचण तिथे नव्हतीच. माझ्या केंद्रातला माऊस माझा आहे. तो मी खोलून बिघडवला तर मला कुणी विचारणार नाही, म्हणून मी तो खोलायचा की नाही हे दोनशे रुपये आणि एक तास यांच्यावर ठरवू शकते. शाळेतला मुलगा आणि तुम्ही हे ठरवूच शकत नाही. तुम्हाला दुरुस्त करायची मोकळीक आहे, बिघडवायची नाही; आणि शिकणारा आधी बिघडवतोच. मग बिघडवायची मोकळीक कुणाला आहे ते बघा. ज्याच्या घरी वस्तू आहे त्याला. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर घरी काय खोलणार? त्याच्या हाताला लागणारा एकमेव संगणक शाळेतला, आणि तो नोंदवहीत चढलेला. म्हणजे पुसायला त्याला सांगायचं, आणि खोलायला शिकणार शहरातलं, ज्याच्या घरात जुना माऊस पडून आहे ते. बलुत्यापेक्षा हे काही फार वेगळं झालं नाही, सर.

हौशी : तुम्ही माझ्या बाजूनं बोलू लागलात असं म्हणू का?

हिशेबी : नाही. माझ्या केंद्रापुरतं माझं मत तेच आहे, गर्दीत मी नवाच जोडणार. पण शाळेच्या कपाटाबद्दल मला आता वेगळं वाटतं. तिथे वेळेची किंमत हा आक्षेपच लागू पडत नाही, कारण शिकण्याचा वेळ हाच तर शाळेचा वेळ. मग अडसर फक्त नोंदवहीचा. तो तुम्ही कसा काढणार ते सांगा, कारण माझ्या अनुभवात नोंदवहीशी भांडून कुणी जिंकत नाही.

हौशी : शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवावा असं मनात आहे. पालक असतात, सरपंच नाहीतर सदस्य असतात. ठराव करायचा की बंद पडलेले अमुक नग शिकवण्याच्या कामासाठी खोलण्यात येतील, त्यातून जेवढे चालू होतील तेवढे वापरात राहतील, उरलेले तुकडे ई-कचरा म्हणून वेगळे ठेवले जातील. नोंदवहीत नग खोडायचा नाही. शेऱ्याच्या रकान्यात ठरावाचा क्रमांक लिहायचा. आणि मुलांच्या हाती द्यायचे ते फक्त माऊस, आधी केबल कापून. केबल कापलेला माऊस कुठल्याच प्लगला लागत नाही. ज्यांना चालू करायचाय त्यांनी मग चार तारा सोलून पुन्हा जोडायच्या. लाल, पांढरी, हिरवी, काळी असा यूएसबीचा क्रम ठरलेला, पण स्वस्त माऊसमध्ये रंगांवर विसंबता येत नाही, म्हणून मल्टिमीटरचा बीप ऐकून कुठली तार कुठल्या टोकाला जाते ते शोधायचं. मोजल्याशिवाय जोडायचं नाही, हे त्यांना तिथेच लागेल.

हिशेबी : केबल आधी कापायची हे मला आवडलं. पण ठरावाला काय अर्थ आहे ते तुमच्या बदलीनंतर कळेल. तुम्ही जाल, नवे सर चार्ज घेताना नोंदवही उघडतील. नग दहा. कपाटात सहा माऊस आणि एक खोकं तुकड्यांचं. समितीतले पालकही तोवर बदललेले असतील. नवे सर सही करायला कचरतील, आणि त्यांचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. त्यांनी तो माऊस खोललेला नाही, त्यातून कोण काय शिकलं ते त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांच्यापुढे फक्त आकडा असेल.

हौशी : मग तुकड्यांचीही नोंद करावी लागेल. चांगले स्विच इतके, चांगल्या केबल इतक्या, भिंगं इतकी. दहा नगांचं खोकं ही उणीव वाटते. सुट्या भागांची यादी असेल तर तो साठा म्हणून चार्जमध्ये जाईल.

हिशेबी : आणि ती यादी कोण ठेवणार? तुम्ही, शाळा सुटल्यावर? मघाचा माझा प्रश्न तोच होता, कुणाच्या वेळेत.

हौशी : मुलं ठेवतील. खोलणाऱ्यानंच लिहायचं, तारीख घालून, काय सापडलं आणि काय मोडलं.

हिशेबी : मोडलं तेही लिहायचं?

हौशी : तेच आधी लिहायचं.

हिशेबी : मग सही मुलाची चालणार नाही, सर. मोडलेल्या नगासमोर मोठ्या माणसाची सही लागते. ती कुणाची, हे ठरावात घालून घ्या. ते घातल्याशिवाय समिती हो म्हणाली तरी कपाटाची किल्ली तुम्हाला कुणी देणार नाही.